दोन्ही बाजूंना एकच गाणं

मंडळी, कोणी सापाला घाबरतं, कोणी विजेला, कोणी सासुरवाडीला. मी कापसाला घाबरतो. हसा, खुशाल हसा. माझी बायको मंगल सत्तावीस वर्षं हसत आली आहे, त्यात तुमची भर.

दसरा मागे पडला की सेलूत कापसाच्या गाड्यांची रांग लागते. ट्रॅक्टर, टेम्पो, जाळ्या बांधून फुगलेले, रस्त्याच्या दोन्ही कडांना घासत चाललेले. जाळीतून सुटलेले पुंजके बाभळीच्या काट्यांना अडकतात, विजेच्या तारांवर बसतात, चहा पीत उभ्या असलेल्या माणसाच्या खांद्यावर येऊन टेकतात. जिनिंगची घरघर सुरू होते आणि सरकीचा तो कोमट, तेलकट वास गावभर पसरतो. या वासानं इतरांना लग्नसराई आठवते, नवी मोटारसायकल आठवते. मला आठवतो एक आवाज. कॅसेट संपली की टेपचं बटण आपोआप वर उडायचं, तो 'टक्'. बास, एवढाच. यंदाही पहिली गाडी माझ्या दुकानासमोरून गेली, एक पुंजका काउंटरवर येऊन बसला, आणि मी तो फडक्यानं झटकून टाकला.

माझं दुकान स्टेशनकडून गावात येणाऱ्या रस्त्यावर आहे. आज तिथं मोबाईलची कव्हरं लटकतात आणि मी काचेवर काच चिकटवून देतो. पण तिशीच्या आतला मी कोण होतो, विचारा! 'येथे कॅसेट भरून मिळतील' अशी पाटी होती, स्वतः रंगवलेली, 'भरून'मधला रु जरा तिरका. दोन कॅसेटी एकदम बसणारा मोठा डेक होता. लोक चिठ्ठीवर गाण्यांची यादी लिहून आणायचे, मी ती तारेला टोचून ठेवायचो आणि एकेक गाणं शोधून भरायचो. जिनिंगची रुई हवेतून येऊन डेकच्या हेडवर बसायची आणि लता असो की लावणी, सगळ्यांचा आवाज सर्दी झाल्यासारखा यायचा. मग स्पिरिटचा बोळा घेऊन हेड पुसायचं. हेडवर बसलेला कापूस कापसानंच पुसायचा, असा आमचा धंदा.

आणि गाणी तरी कशी यायची! आजच्यासारखी आपण होऊन पायाशी लोळण घ्यायची नाहीत. रेडिओवर एकदा वाजलेलं गाणं परत कधी लागेल याचा नेम नसायचा. कापसाच्या गाठी न्यायला आलेले ट्रकवाले लांबलांबच्या मुलखातली गाणी घेऊन यायचे आणि टायर बदलेपर्यंत ऐकवून निघून जायचे. एकदा एक बाई आली. वेचणीला जाणारी, डोक्याला फडकं तसंच. म्हणाली, "भाऊ, एक गाणं पायजे." म्हटलं, कुठलं? तर ती माझ्यासमोर उभी राहून नुसतं हुं हुं हुं करायला लागली. शब्द एक नाही. दोन शेतं पलीकडे लग्नाचा भोंगा लागला होता, त्यावर अर्धं गाणं तिला ऐकू आलं होतं आणि उरलेलं अर्धं वाऱ्यानं नेलं होतं. आता हे शोधायचं कसं? पण मी स्वतःला कानाचा डॉक्टर समजायचो. तीन आठवडे मी ते हुं हुं येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणून दाखवलं. शेवटी बँडमधल्या एका क्लॅरिनेटवाल्यानं ओळखलं. बाईला बोलावून लावून दाखवलं, तर वाऱ्यानं नेलेला तुकडा येताच तिनं गालावर हात ठेवला आणि म्हणाली, "अगं बया, असं हाय व्हय पुढं!"

त्या 'असं हाय व्हय'साठी मी जगत होतो. गाणं शोधणं म्हणजे चार माणसांना विचारणं, आणि चार माणसांना विचारलं की चौघांना कळायचं की आपल्या मनात काय वाजतंय. गावात कोणाचं कोणाशी जुळलं, कोणाचं बिनसलं, हे मला चिठ्ठ्यांवरून आधी कळायचं. मी त्याचा चेष्टेसाठी भरपूर उपयोग केला. कबूल करतो, मजा यायची.

आणि त्याच मस्तीत असताना एका कापसाच्या हंगामात दिगंबर आला.

दिगंबर पालमकडचा. हंगामापुरता आमच्या गावातल्या जिनिंगवर वजनकाट्याला बसायचा आणि एक खोली घेऊन राहायचा. अठ्ठावीस-तीस वर्षांचा, नीटनेटका, शर्टाच्या खिशाला पेन. त्यानं साठ मिनिटांची कोरी कॅसेट काउंटरवर ठेवली आणि एका गाण्याचं नाव सांगितलं. मी म्हटलं, "आणि बाकीची?"

"बाकी न्हाई. एवढं एकच भरा."

"एक गाणं? अहो, पाच मिनिटांत संपतंय ते."

"परत भरा. परत परत. दोन्ही बाजूला."

मंडळी, तेव्हा मी काय केलं माहीत आहे? मी डोळा मारला. "कोणासाठी हो? नाव सांगा, कव्हरवर बाण घुसलेला बदाम काढून देतो." तो हसला. खरंच हसला. म्हणाला, "नको, नुसतीच द्या." मी बारा वेळा ते गाणं मागे फिरवलं, बारा वेळा भरलं, आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याचा किस्सा तिखटमीठ लावून सांगितला. दुकान हसत होतं. आठ दिवसांनी कळलं की दिगंबर काट्यावर आलाच नाही. खोलीत कपडे होते, पेन होतं, ती कॅसेट होती, माणूस नव्हता.

त्यानंतर त्याचे वडील आले. पालमहून परभणी, परभणीहून सेलू, दोन एस्ट्या बदलून. भर दुपार होती. म्हाताऱ्यानं रुमालाची गाठ सोडून कॅसेट पुढे ठेवली.

"ही तुमी भरली का?"

"हो मामा."

"मला वाचता येत न्हाई. ह्याच्यात काही बोललाय का त्यो?"

मी म्हटलं, बोललेलं नाही मामा, गाणं आहे. ते म्हणाले, "लावा." मी लावली. ते स्टुलावर बसले, पागोटं मांडीवर ठेवून. गाणं संपलं की दोन गाण्यांच्या मधली ती खरखर यायची आणि ते मान वर करायचे. त्यांना वाटायचं, आता बोलेल. परत तेच गाणं सुरू व्हायचं आणि मान खाली जायची. अशी सहा वेळा. टक्.

"दुसऱ्या बाजूला?"

"तेच हाय मामा."

"लावा की."

परत सहा वेळा. मान वर, मान खाली. शेवटचं टक् झालं तेव्हा बाहेरून गाडी जात होती आणि दारातून रुई आत येत होती. म्हाताऱ्यानं कॅसेट रुमालात बांधली. मग विचारलं, "तुमाला त्यानं काही सांगितलं होतं का?"

"न्हाई."

"तुमी काही इचारलं होतं का?"

मी विचारलं होतं ते तुम्हाला माहीत आहे. मी नाही म्हणून मान हलवली. ते उठून स्टँडकडे गेले. दिगंबरचं पुढे काय झालं ते मला आजही माहीत नाही. कोणी म्हणालं हैदराबादेत दिसला, कोणी म्हणालं नांदेडला. दिसला म्हणणाऱ्यांपैकी एकानंही त्याला हाक मारली नव्हती.

त्यानंतर मी तशी कॅसेट कोणाला भरून दिली नाही. पण थोड्याच वर्षांत कॅसेटच संपली. सीडी आली, गेली. मग मेमरी कार्ड आलं. माणूस म्हणायचा, "टाका कायबी, चार जीबी भरून द्या." चिठ्ठी नाही, नाव नाही, हुं हुं नाही. गाणी किलोवर विकल्यासारखी. मग तेही गेलं आणि गाणी फोनमध्ये आपोआप यायला लागली, दुकानदाराशिवाय.

सुरुवातीला मी तोंड वाकडं केलं. पण आमची लेक शिवानी परभणीला शिकायला गेली तेव्हा तिनं मला नवा फोन घेऊन दिला आणि गाण्यांच्या ॲपमध्ये स्वतःचंच खातं जोडून दिलं. "पप्पा, दोघांत एक चालतंय. फक्त मी लावलं की तुमचं बंद पडंल आणि तुमी लावलं की माझं. भांडायचं न्हाई." आम्ही अर्थातच भांडलो. तिचं सकाळी आणि संध्याकाळी, माझं दुपारी, असा तह झाला.

आणि काय सांगू, दोन वर्षं मी स्वर्गात होतो! त्या खात्यात 'नुकतंच ऐकलेलं' अशी यादी दिसते. लेकीनं काय ऐकलं ते मी उघडून बघायचो आणि मागोमाग ऐकायचो. डोंगरातली गाणी, समुद्रातली गाणी, भांड्यांवर ताल धरणारी पोरं, कुठल्या तरी वाळवंटातल्या म्हाताऱ्याचा फाटका, सोन्यासारखा आवाज. तिला कुठल्या तरी रीलमध्ये पंधरा सेकंदं सापडायची आणि ती माग काढत पूर्ण गाण्यापर्यंत जायची. अगदी माझ्या त्या वेचणीवालीसारखी, फक्त क्लॅरिनेटवाल्याशिवाय. उलट माझ्यामुळे तिच्या फोनला वेड लागलं. ती फोन करून ओरडायची, "पप्पा! मैत्रिणींसमोर गाणं लावलं तर माझा फोन म्हणतोय, तुम्हाला ह्या कव्वाल्या आवडतील. इज्जत गेली माझी!" मी म्हणायचो, "आवडतील गं, ऐकून तर बघ." मंगल स्वयंपाकघरातून म्हणायची, "बापलेकीला एकच फोन पुरंल. घालवा मला बाहेर."

गावातल्या लोकांच्या स्टेटसवर कोण कुठलं गाणं ठेवतं यावरून मी पुन्हा सगळं ओळखायला लागलो होतो. समोरच्या किराणावाल्यानं विरहाचं गाणं ठेवलं की बायको माहेरी, आणि ढोल वाजला की परतली. तारेवरच्या चिठ्ठ्या परत आल्या होत्या. फरक इतकाच की आता त्या मी न विचारता वाचत होतो. हा फरक केवढा आहे ते मला यंदा कळलं.

यंदा पहिल्या गाड्या सुरू झाल्या त्या आठवड्यात शिवानीची यादी आखडली. आधी पंधरा-वीस गाणी असायची. मग पाच. मग एक दिवस मी उघडली तर एकच नाव, खाली परत तेच, त्याच्या खाली परत तेच. बोटानं वर सरकवत गेलो. तेच. तेच. तेच.

गाण्याचं नाव मी तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही लगेच फोन काढून शोधाल, मला ठाऊक आहे, आणि मग तुमच्या यादीत ते चिकटेल आणि तुमच्या घरात कोणीतरी घाबरेल. एवढं सांगतो की ते कुठल्या तरी बर्फाच्या देशातल्या बाईचं आहे. भाषा कळत नाही, अक्षरं ओळखू येत नाहीत. मी फोनला म्हटलं, मराठी करून दे. त्यानं दिलं, 'खिडकीला खिडकी लागली, पाणी शहाणं झालं, मी टेबलावर आहे.' एरवी मी हे वाक्य गावभर ऐकवून लोकांना लोळवलं असतं. पण ते मी दुकानात बसून तीनदा वाचलं आणि कोणाला दाखवलं नाही. मला वाचता येत होतं आणि काही कळत नव्हतं. पागोटं मांडीवर ठेवून बसलेला तो म्हातारा माझ्या शेजारी येऊन बसला, असं वाटलं.

दिवाळीला ती दोनच दिवस येऊन अभ्यासाचं कारण सांगून परत गेली होती. तिला फोन करायचो तेव्हा ती नीट बोलायची. जेवलीस का? जेवले. कॉलेज? चालू हाय. बरी आहेस? हो की. फोन ठेवला की दोन मिनिटांत माझ्याकडे अक्षरं उमटायची, 'दुसऱ्या फोनवर चालू आहे', आणि पुढे तेच नाव.

मग सरळ विचारलं का नाही? अहो, विचारलं असतं तर तिला कळलं असतं की मी बघतो. तिनं खातं काढून घेतलं असतं. मग मला ही एवढी फटसुद्धा राहिली नसती. आणि खरं कारण याच्याही खाली होतं. विचारलं आणि तिनं सांगितलं तर? मंगललाही मी काही बोललो नाही. अकरा दिवस मी ती भीती कॅसेटसारखी खिशात घेऊन हिंडलो.

बरं, नुसता घाबरून बसलो असतो तर निदान नुकसान नव्हतं. पण माझ्यातला तो जुना कॅसेट भरणारा जागा झाला. म्हटलं, आपण आयुष्यभर लोकांच्या कानात गाणी घातली, लेकीच्या कानात घालता येणार नाहीत? फोन आपण ऐकू तशी गाणी पुढे करतो ना? मग त्याला फसवायचं. मी इथून ढोलताशे लावले. लावण्या लावल्या, वरातीची गाणी, विनोदी गाणी, पोरांची बडबडगीतं. तासन् तास. दोन हेतू होते. एक, तिच्या फोननं उद्या तिच्यापुढे आनंदाचं ताट वाढावं. आणि दुसरा, माझं लागलं की तिचं बंद पडतं. ते गाणं मोडायचंच होतं मला. ती लावायची, मी तोडायचो. ती परत लावायची, मी परत तोडायचो. इथं दुकानात ढोल वाजत होता, गिऱ्हाइकं माना डोलवत होती. "काय भाऊ, लय खुशीत दिसायलाय आज!" आणि काउंटरखाली माझं बोट परत परत तेच बटण दाबत होतं.

बाराव्या दिवशी सकाळी मी वरातीचं गाणं लावलं आणि ते पूर्ण वाजलं. कोणी तोडलं नाही. दुसरं लावलं, तेही शेवटपर्यंत गेलं. नऊ वाजले, दहा वाजले. इतकी वर्षं गाणी ऐकली, पण गाणं न अडता संपतंय याची एवढी दहशत मला कधी वाटली नव्हती. मी फोन केला. बंद. परत केला. बंद. यादी उघडली, तर कालपासून वर सगळी माझीच गाणी, ढोल, ताशे, बडबडगीतं, आणि तिचं एकही नाही.

शटर ओढताना कुलूप लागेना. मंगलला फोन करून म्हटलं, परभणीला जाऊन येतो, माल आणायचाय. ती म्हणाली, "माल परवा आणला की." मी फोन ठेवला.

गाडीत जागा मिळाली. डब्यात प्रत्येकाच्या हातातून वेगळं गाणं सांडत होतं, कोणाचंच पंधरा सेकंदांच्या वर नाही. सुरुवात, सुरुवात, सुरुवात. शेजारच्या बाईच्या फोनवर महादेवाचं भजन लागलं होतं, तिनं मधेच बोट फिरवलं आणि महादेवाच्या जागी कोणीतरी किंचाळत नाचायला लागलं. खिडकीबाहेर पांढरी शेतं मागे जात होती, वाकलेल्या बाया, पाठीवरची फडकी. मी मनात एकच हिशेब करत होतो. दिगंबर आठ दिवसांनी गेला. मी बारा दिवस बघत बसलो.

स्टेशनवर रिक्षा केली. रिक्षावाल्यानं गाणं लावलं, मी म्हटलं, बंद कर बाबा. तो आरशात बघत म्हणाला, "दवाखान्यात जायचंय का चाचा?" मी म्हटलं, न्हाई. मग जरा वेळानं म्हटलं, माहीत न्हाई. त्यानं रिक्षा पळवली.

दुसऱ्या मजल्यावरची खोली. दार वाजवलं. काही नाही. परत वाजवलं, या वेळी तळहातानं. आतून चप्पल घासल्याचा आवाज आला. मंडळी, जगातलं सगळ्यात गोड संगीत कोणी मला विचारलं तर मी तो चपलेचा आवाज सांगेन. शिवानीनं दार उघडलं. केस विंचरलेले नव्हते, अंगावर शाल. खोलीतल्या मैत्रिणी दिवाळीला घरी गेलेल्या अजून परतल्या नव्हत्या. ताटात कालची पोळी वाळून पडली होती.

"पप्पा? काय झालं? मम्मी बरी हाय ना?"

बरी हाय, म्हणत मी तिच्या खांद्यावरून आत बघितलं. मग विचारलं, "फोन का बंद हाय तुझा?"

"उतरलाय. चार्जिंगला लावायचा होता... लावला न्हाई."

मी आत जाऊन जमिनीवर बसलो. ती पण बसली, भिंतीला टेकून. मी ठरवून आलो होतो की बघत होतो हे सांगायचं नाही. पण समोर ती बसल्यावर सगळं बाहेर आलं, यादी, बर्फातली बाई, शहाणं पाणी, माझे ढोल. ती ऐकत होती. रागावेल असं वाटलं. ती रागावली नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"ते सारखं बंद पडायचं," ती म्हणाली. "मला वाटलं, पप्पांना लयच नाद लागलाय गाण्यांचा. म्हणलं जाऊ द्या, ऐकू द्यावं त्यांना. म्हणून मीच लावायचं सोडलं."

मी भिंतीकडे तोंड केलं. मग विचारलं, "काय झालंय शिवा? कोणी काही बोललं का? अभ्यासाचं काही? कोणी... दुसरं कोणी?"

"काहीच न्हाई झालं. तेच तर." ती शालीचा धागा ओढत होती. "काही झालं असतं तर सांगितलं असतं की. दिवाळीच्या आधीपासून काहीच वाटत न्हाई. जेवण तसंच, कॉलेज तसंच. महिना झाला, मी वर्गात गेले न्हाई. खोटं बोलले तुमाला."

"आणि ते गाणं? लय आवडतंय का?"

"आवडत न्हाई पप्पा. ते लागलेलं होतं. दुसरं लावायचं म्हणजे दुसरं काहीतरी निवडायचं. तेवढं होत न्हाई मला."

मी इतकी वर्षं समजत होतो की एकच गाणं ऐकणाऱ्याच्या मनात फार मोठं काहीतरी भरलेलं असतं. प्रेम असतं, दुःख असतं. जगातलं प्रत्येक गाणं तिच्या हातातल्या काचेत होतं, फोन सारखा नवं पुढे करत होता, हे ऐक, हे आवडेल, आणि तिच्यात दुसऱ्यावर बोट ठेवण्याइतकीही ताकद उरली नव्हती. हे त्या फोनला कळलं नाही, ठीक आहे. मलाही कळलं नाही.

मी तिचा फोन चार्जिंगला लावला. खाली जाऊन वरणभात आणला. तिनं चार घास खाल्ले. मग मंगलला सगळं खरं सांगितलं. ती संध्याकाळच्या आत येऊन हजर झाली आणि माझ्याकडे पाठ करून लेकीच्या डोक्याला तेल लावायला बसली. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर शांत होते. म्हणाले, हा आजार आहे, औषध आहे, वेळ लागेल, एकटं ठेवू नका आणि पाळतही ठेवू नका. शेवटचं वाक्य म्हणताना ते माझ्याकडे बघत होते, का मला तसं वाटलं, देव जाणे.

पंधरा दिवस ती सेलूला राहिली. मग मैत्रिणी परतल्या आणि ती स्वतःच म्हणाली, जाऊन बघते. निघायच्या दिवशी माझा फोन मागून घेतला. "पप्पा, माझं खातं काढते. तुमचं वेगळं करून देते."

"राहू दे की. मी बघणार न्हाई."

"तुमी बघणार."

खरं होतं. तिनं बोट फिरवलं आणि तिची सगळी गाणी माझ्या हातातून गेली, डोंगर, समुद्र, वाळवंट, बर्फ. नव्या खात्यानं मला विचारलं, तुम्हाला कोण आवडतं, तीन नावं निवडा. मी अजून निवडलेली नाहीत. आता ती तिकडे काय ऐकते, ऐकते की नाही, मला काही दिसत नाही. रात्रीचं सोडा, दिवसाढवळ्या दुकानात बसल्या बसल्या मी फोन उघडतो आणि परत ठेवतो. ही भीती जाणारी नाही, एवढं मला कळलं आहे.

म्हणून रोज दुपारी तीनला मी फोन करतो आणि विचारतो, "आज काय ऐकलंस?" पहिले कितीतरी दिवस उत्तर एकच, "काही न्हाई." मी म्हणतो, बरं. मग आम्ही जेवणाचं बोलतो, औषधाचं बोलतो, मंगल मधेच फोन ओढून घेते.

काल परत विचारलं. बाहेरून ट्रॅक्टर घरघरत गेला. मग म्हणाली, "पप्पा, तुमीच सांगा एखादं."

ज्यानं या गावाला हजारो कॅसेटी भरून दिल्या तो मी, मला एक गाणं आठवेना. आनंदाचं सांगावं तर परत ढोल बडवल्यासारखं होईल. दुःखाचं सांगावं तर जीभ रेटेना. एक ओळ ओठांवर आली, ती चुकीची वाटली. दुसरी आली, तीही परत गेली. एवढ्याशा गोष्टीला एवढा घाबरलेला माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी म्हटलं, "थांब गं, जरा आठवू दे."

पलीकडे तिच्या खोलीतला पंखा ऐकू येत होता. कोणीतरी भांडं खाली ठेवलं.

"आठवा निवांत," ती म्हणाली. "मी हाय."